ठकुबाईचं नळकांडं

“धरा की शिंग, भाऊसाहेब. खात न्हाई त्यो तुमास्नी.”

मी शिंग धरलं. म्हणजे शिंगाला बोटं लावली आणि बाकीचं अंग जेवढं मागं नेता येईल तेवढं नेलं. ठकुबाईनं डाव्या हातानं बैलाचा जबडा वर उचलला, बांबूच्या नळकांड्याचं तिरकं तोंड गालाच्या कोपऱ्यातून आत सरकवलं आणि त्यातलं तेल-ताक सावकाश ओतलं. बैलानं ते घटाघट गिळलं, मान झटकली आणि उरलेलं हळदीचं पिवळं ताक माझ्या परीटघडीच्या सदऱ्यावर उडवलं.

“झालं,” ठकुबाई म्हणाली. नळकांडं तिनं पदराला पुसलं आणि कमरेला खोचलं. “आता ह्येचं प्वाट फुगायचं न्हाई.”

ही गोष्ट एकोणीसशे अडतीस सालच्या श्रावणातली. भोरच्या वेशीबाहेर, नीरेच्या काठाला एक कोंडवाडा होता. कुणाच्या उभ्या पिकात शिरलेली, दावं तोडून भटकणारी, धन्यानं सोडून दिलेली जनावरं तिथं आणून कोंडत. धनी यायचा, दंड भरायचा, जनावर घेऊन जायचा. ज्यांचा धनी कधीच येत नसे ती तिथंच राहत. पुढचा गोठा, मागचा गोठा, मधे एक दगडी डोण पाण्याची आणि फाटकाला लागून एक खोली, एवढाच पसारा. त्या खोलीत ठकुबाई राहायची. तिचा नवरा गेनू तिथला राखणदार होता. तो अकरा वर्षांपूर्वी गेला, त्याच्या जागी हीच काम करू लागली आणि कचेरीतल्या कुणालाही त्यात बदल करण्याची गरज वाटली नाही.

मला तिथं पाठवण्याची गरज मात्र कचेरीला वाटली. मी श्रीपाद, वय चोवीस, कचेरीत आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद ठेवणारा कारकून. एकदा मधल्या सुट्टीत मी बढाई मारली होती की, जनावरांच्या रोगांवरची सरकारी पुस्तिका मी साद्यंत वाचली आहे. वाचली होती हे खरं. कारण त्या दिवशी टेबलावर दुसरं काही वाचायला नव्हतं. पंधरा दिवसांनी मामलेदार रावसाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “तुम्ही वाचलंय ना? मग कोंडवाडा तुम्ही बघा.” बढाई मारणाऱ्याला अशी शिक्षा कचेरीत नेहमी मिळते. मला लहानपणापासून गाईचीसुद्धा भीती वाटायची, हे रावसाहेबांना ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

प्रकरण साधं नव्हतं. दोन वर्षं कोंडवाड्यातून घरी गेलेली जनावरं आठवड्याच्या आत लाळ गाळू लागायची. तोंडात फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, खाणं बंद. लाळ-खुरकत. मोठं जनावर मरत नसे, पण महिना-दीड महिना कामातून जायचं, आणि घरातल्या बाकीच्या जनावरांना, तान्ह्या वासरांना द्यायचं ते वेगळंच. वासरं दगावत. गावागावांतून अर्ज आले होते. शेवटी रावसाहेबांनी ठरवलं, दिवाळीपर्यंत रोग हटला तर ठीक, नाहीतर कोंडवाडा बंद. जनावरं कुठं जातील याचा विचार त्यांनी केला होता. ठकुबाई कुठं जाईल याचा विचार कुणीच केला नव्हता. तिला मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. ती खोली गेली असती तर तिला दुसरं छप्पर नव्हतं.

हे तिला मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग काय काय कराय लागंल म्हंता?”

मी पुस्तिका उघडली.

पुढचा महिनाभर आम्ही जे केलं ते आठवलं की माझी मलाच अजून थोडी फुशारकी वाटते. मागच्या गोठ्यात घोटाभर चिखल असायचा. तिथं नदीतला गोटा आणि मुरूम टाकून जमीन चोपून घेतली. मुताला वाट काढली. भिंतींना चुना मारला. दगडी डोणीत सगळी जनावरं एकत्र तोंडं घालत. ती डोण पालथी केली आणि प्रत्येक जनावरापुढं वेगळं घमेलं ठेवलं. नव्या जनावरांसाठी पुढच्या गोठ्यात तट्ट्याचे सात कप्पे केले. आलेलं जनावर, धनी आधी न्यायला आला नाही तर, दहा दिवस तिथं एकटं राहायचं, आजारी जनावरं मागच्या गोठ्यात, आणि दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही. असं पुस्तिकेत लिहिलं होतं आणि आम्ही ते शब्दशः केलं.

दगड मी मोजत होतो आणि ठकुबाई वाहत होती, हेही सांगायला हवं. साठीला टेकलेली बाई पाटी डोक्यावर घेऊन चढण चढायची आणि वर येऊन म्हणायची, “माज्या खोलीत शेणमाती, आन ह्येंच्या पायाखाली फरशी. भाऊसाहेब, पुढच्या जल्माला म्या रेडकूच व्हते.”

काम संपलं की ती आपल्या जुन्या कामाला लागायची. कोंडवाड्यात येणारं जनावर बहुधा कुणाचं तरी ओलं हिरवं पीक अधाशासारखं खाऊन आलेलं असायचं. त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि कधी कधी त्यातच ते जायचं. म्हणून गेनूनं पद्धत पाडली होती की, आलेल्या प्रत्येक जनावराला आधी तेल-ताक-हळद पाजायची, मग दावणीला बांधायचं. त्यासाठी त्यानं बांबूचं एक नळकांडं घडवलं होतं. एका बाजूला पेर, म्हणजे बांबूची बंद गाठ, दुसऱ्या बाजूला तिरका छेद, कडा घासून घासून गुळगुळीत केलेल्या. तीस वर्षं तेल पिऊन ते मधासारखं पिवळसर झालं होतं. मागच्या गोठ्यातल्या आजाऱ्यांनाही ठकुबाई त्यानंच तुरटीचं पाणी पाजायची, पेज पाजायची.

“त्यानं चोरून खाल्लं आसंल,” ती म्हणायची. “पर मार खाऊन आलंय. आल्या आल्या कायतरी प्वाटात नगं का जायला?”

मला ती पद्धत फार आवडायची. सदऱ्यावर डाग पडले तरी आवडायची.

भाद्रपदात आंबवड्याच्या ज्ञानूचा बैल आला. खैऱ्या त्याचं नाव, अंगानं भरलेला, शांत. दावं तोडून शेजाऱ्याच्या भातात शिरला होता. कप्प्यात बांधला, वेगळं घमेलं दिलं, ठकुबाईनं त्याला पाजलं, मी शिंग धरलं. ज्ञानू दुसऱ्या दिवशी येणार होता, पण नदीला पूर आला आणि तो अडकला. पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तर खैऱ्याच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती.

नवा गोठा, नवा चुना, वेगळं घमेलं, दहा दिवसांचा नेम, सगळं करूनही रोग आलाच. दोन दिवसांत शेजारच्या कप्प्यातली गाय, मग पलीकडचं खोंड, असं करत सातांपैकी सहा जनावरं लाळ गाळू लागली. मागच्या गोठ्यात जागा उरली नव्हती, म्हणून ती कप्प्यांतच ठेवावी लागली.

पूर ओसरला तसा ज्ञानू आला. तिशीतला गडी, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं बैलाचा ओठ वर करून पाहिला.

“बरा व्हता,” तो म्हणाला. “घरून ग्येला तवा धडधाकट व्हता, ठकुमावशे. रब्बीचा पेरा तोंडावर हाय. येका बैलावर काय पेरू म्या?”

ठकुबाईनं मान खाली घातली. “व्हईल बरा,” ती म्हणाली.

“व्हईल. कवा?” एवढं बोलून तो बैलाशेजारी बसला. घरी न्यावा तर दुसऱ्या बैलाला लागण, म्हणून नेताही येईना. रोज आंबवड्याहून चालत यायचा, कोवळं गवत आणायचा, बैल ते हुंगायचा आणि तोंड फिरवायचा.

मी कचेरीत तोंड दाखवायचं टाळू लागलो. सहकारी विचारायचे, “काय पशुवैद्य, कसं काय?” आणि मी पुस्तिकेचं पान उलटल्यासारखं करायचो. दिवाळीला दीड महिना राहिला होता.

एके दिवशी सकाळी मी पालथ्या डोणीवर बसून यादी करत होतो. कुठलं जनावर कधी आलं, कुठल्या कप्प्यात बांधलं, कधी आजारी पडलं. सहा आजारी आणि एक धड. ते एक म्हणजे बनाबाईची म्हैस.

या म्हशीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. बनाबाई गावातलीच, तिची म्हैस भाकड आणि महामारकी. ती कोंडवाड्यात आली तेव्हा चार माणसं लागली होती. बनाबाई तिला न्यायला येईना. निरोप धाडला तर उलट निरोप आला, “राहू द्या अजून थोडे दिवस, आमालाबी इसावा.” ती म्हैस नेमकी मधल्या कप्प्यात होती. दोन्ही बाजूंना लाळ गाळणारी जनावरं आणि मधे ही मजेत रवंथ करत उभी.

“ठकुबाई,” मी म्हणालो, “हिला का होत नाही हो? पाणी तेच, वैरण तीच, जागा तर सगळ्यांत वाईट.”

ठकुबाई खैऱ्याचं तोंड तुरटीच्या पाण्यानं धूत होती.

“प्रकृतीच दणकट असणार,” मी निकाल दिला आणि तसं लिहूनही टाकलं.

जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज थांबलाय. ठकुबाई उठून म्हशीच्या कप्प्यासमोर उभी होती. कमरेचं नळकांडं तिच्या हातात होतं आणि ती त्याच्या तिरक्या तोंडाकडं बघत होती.

“भाऊसाहेब,” ती म्हणाली. “हिला म्या पाजलं न्हाई.”

“काय?”

“समद्यास्नी पाजलं. हिला न्हाई. दोनदा ग्येले, दोनदा लाथ घातली हिनं. म्हनलं, ऱ्हाऊ दे बाई, तुजं प्वाट तुज्यापाशी.” तिनं मागच्या गोठ्याकडं पाहिलं. “सकाळी म्या मागच्या गोठ्यात पाजते. आजाऱ्यास्नी. आन मंग तसंच हितं येते.”

मी पुस्तिका उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. रोग लाळेतून पसरतो, हे वाक्य तिसऱ्या पानावर वरूनच दुसऱ्या ओळीत होतं आणि मी ते दहा वेळा वाचलं होतं. वाचून मी डोण पालथी केली, भिंती पांढऱ्या केल्या, तट्टे उभे केले. आणि एका तोंडातून निघून दुसऱ्या तोंडात जाणारं नळकांडं रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. डोळ्यांसमोर काय, शिंग मीच धरत होतो.

“पदराला पुसलं की झालं, आसं वाटायचं,” ठकुबाई म्हणाली.

ती म्हशीच्या कप्प्यापाशीच खाली बसली. रडली नाही. नळकांडं तिनं मांडीवर आडवं ठेवलं आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिली, जसं एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा.

“मालक ग्येल्याला अकरा वरसं झाली,” ती म्हणाली. “त्येच्या आदी त्येनी पाजलं. किती जनावरं झाली आसतील, भाऊसाहेब?”

“तेव्हा रोग नव्हता हो इथं,” मी म्हणालो. “दोनच वर्षं झाली. आणि त्या नळकांड्यानं किती जनावरांचा जीव वाचला असेल, तेही मोजा की.”

हे मी समजूत घालायला म्हणालो, पण ते खरंही होतं. तिनं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की मला बरं वाटावं म्हणून, ते कळलं नाही.

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते कबूल करतो. पहिल्यांदा मला अतिशय बरं वाटलं. कारण सापडलं होतं. मग लगेच दुसरा विचार आला, आणि तो मी तिला बोलूनही दाखवला. “हे बघा ठकुबाई, हे आपल्या दोघांतच ठेवू. नळकांडं आजपासून बंद. रोग आपोआप हटेल. मी अहवालात लिहितो, दलदल आणि दूषित हवा यांमुळं रोग होता, तो सुधारणांमुळं हटला. तुमचं नाव कुठं येणार नाही.” माझंही येणार नव्हतं, किंवा आलंच तर चांगल्या अर्थानं आलं असतं.

ठकुबाईनं माझ्याकडं पाहिलं. “आन रखमाजीचं काय?”

“कोण रखमाजी?”

“वेल्ह्याच्या वाटंला कोंडवाडा हाय, तितं ऱ्हातो. त्येला पाजायला आमच्या मालकांनीच शिकवलं. त्येच्यापाशीबी आसंच नळकांडं हाय, मालकांनीच करून दिल्यालं. तुमी हवा म्हनून लिवलं तर त्येला कोन सांगंल?”

“मी निरोप पाठवतो.”

“येकट्या रखमाजीला. आन घरोघरी हायती त्येंचं?” ती उठली. “खरं काय ते लिवा. माजं नाव घाला. ठकुबाई भ्रतार गेनू, हिच्या हातनं झालं, म्हनून लिवा.”

“अहो, पण खोली जाईल तुमची.”

“जायाची तर जाईल,” ती म्हणाली, पण एकदा खोलीच्या दाराकडं बघून घेतलं. “तुमी लिवा.”

मी दोन दिवस लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच ज्ञानूला सांगितलं. मी तिथंच होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ज्ञानू गवताची पेंढी सोडत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ज्ञानू, तुजा बैल माज्यामुळं पडला,” आणि नळकांड्याची सगळी हकिगत सांगितली, काही न वगळता. तिनं मला वाचवलं नाही. शिंग भाऊसाहेबांनी धरलं, हेही सांगितलं.

ज्ञानू ऐकत राहिला. मला वाटलं आता हा ओरडणार. तो म्हणाला, “आमच्या घरीबी येकच हाय. समद्या जनावरांला त्येच घालतो आमी.” आणि गवत तसंच टाकून तो निघून गेला.

ठकुबाई त्या वाटेकडं बघत राहिली. मग ते गवत तिनंच उचलून खैऱ्याच्या पुढं केलं. खैऱ्यानं हुंगलं. तोंड फिरवलं नाही. ओठानं एक काडी ओढली, सावकाश चावली, मग दुसरी ओढली. पाचव्या-सहाव्या काडीला ठकुबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी घरी जाऊन अहवाल लिहिला. खरा. शिंग कोण धरत होतं आणि वेल्ह्याच्या रखमाजीकडंही असंच नळकांडं आहे, हेसुद्धा लिहिलं.

चार दिवसांनी ज्ञानू परत आला तो खांद्यावर बांबूंचा भारा घेऊन. भारा फाटकात टाकला आणि कमरेचा कोयता काढला.

“आमच्या बेटातले हायती,” तो म्हणाला. “मावशे, केवढी लांबी काढू?”

त्या दिवशी त्यानं वीस नळ्या काढल्या. एका बाजूला पेर, दुसऱ्या बाजूला तिरका छेद. ठकुबाईनं त्या विटकरीच्या तुकड्यानं घासल्या, म्हणजे तोंडाला टोचायला नकोत. मग आम्ही नेम केला की, प्रत्येक जनावराची नळी वेगळी, त्याच्याच खुंटाला टांगायची, दुसऱ्याला लावायची नाही. जनावर घरी निघालं की नळी त्याच्या धन्याच्या हातात द्यायची आणि सांगायचं, ही ह्याची एकट्याची. बांबूला या डोंगरांत तोटा नव्हता. हे पुस्तिकेत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मागच्या गोठ्यातलं काम तिनं स्वतःकडं ठेवलं आणि नव्या जनावरांना पाजायचं माझ्याकडं दिलं. एकाच हातांनी दोन्हीकडं जायचं नाही म्हणून. मी, श्रीपाद, आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद ठेवणारा कारकून, बैलाचा जबडा उघडायला शिकलो. पहिल्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती. ठकुबाई फाटकाबाहेर उभी राहून सांगत होती, “वर नगा करू मान येवडी, ठसका लागंल त्येला. हां. आता वता. घाबरलाय त्यो, तुमी नगा घाबरू.”

जुनं नळकांडं तिनं खोलीत आढ्याला खोचून ठेवलं. वापरलं नाही आणि टाकलंही नाही. मी जाता-येता ते बघायचो आणि विषय काढायचो नाही.

आश्विनात खैऱ्या घरी गेला. एक पाय अजून जरा उचलत होता, पण पेऱ्याला चालणार होता. ज्ञानूनं त्याची नळी घेतली, दुसऱ्या बैलासाठी आणखी एक मागून घेतली आणि निघताना ठकुबाईच्या पाया पडला. ती म्हणाली, “आरं, माज्या कशाला पाया पडतोस?” तो म्हणाला, “मावशी हायस म्हनून,” आणि दावं ओढून चालायला लागला. बनाबाईची म्हैसही त्याच आठवड्यात गेली. तिला मात्र नळी दिली नाही. दिली असती तरी कुणी वापरणार होतं?

दिवाळीला आठ दिवस राहिले असताना रावसाहेब तपासणीला आले. बरोबर पुण्याकडचे ढोरांचे डॉक्टर होते, पोक्त, चष्मेवाले, बूट चिखलात घालायला मागंपुढं न बघणारे. कप्पे सगळे भरलेले होते. डॉक्टरांनी एकेक जनावराचं तोंड उघडून पाहिलं, खुरं उचलून पाहिली. सात जनावरं, एकाच्याही तोंडात फोड नाही. मागचा गोठा पाहिला. तिथं दोनच जुनी जनावरं उरली होती आणि तीही खात होती. मग त्यांनी खुंटाला टांगलेल्या नळ्या पाहिल्या आणि खिशातून माझा अहवाल काढला.

“यातली ठकुबाई कोण?”

ठकुबाई पुढं झाली. पदर नीट केला.

“हे तुम्ही होऊन सांगितलंत?”

“व्हय.”

“न सांगता नळकांडं टाकून दिलं असतं तर कुणाला कळलं असतं?”

“मला कळलं व्हतं की,” ठकुबाई म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रावसाहेबांकडं वळून म्हणाले, “या नळ्यांची पद्धत सगळ्या कोंडवाड्यांना लिहून कळवा. वेल्ह्याकडं आधी. आणि बाई, नव्या नळ्या वापरायच्या आधी पाण्यात उकळून घेत जा. खळखळून.”

“घेते.”

रावसाहेब अंगण, भिंती, पालथी डोण असं बघत फाटकाशी आले. मी त्यांच्या मागं होतो आणि विचारायचा धीर होत नव्हता. टांग्यात बसता बसता ते म्हणाले, “कोंडवाडा राहील. त्या खोलीचं छप्पर तेवढं शाकारून घ्या, गळत असेल.”

टांगा वळणाआड गेला तसा मी मागं वळलो आणि धावतच ठकुबाईकडं गेलो. मी काय बोललो ते आठवत नाही. तिनं फाटकाच्या खांबाला हात टेकला, डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. दोन-अडीच महिने ती तो धरून बसली असावी. “बरं झालं,” एवढंच ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, “लई बरं झालं, भाऊसाहेब.”

तेवढ्यात दोघं जण एक बैल ओढत घेऊन आले. मळ्यातल्या कोवळ्या चाऱ्यात सापडला होता, डावी कूस फुगलेली. नळ्या होत्या, पण डॉक्टर उकळून घ्या म्हणाले होते, आणि ठकुबाईला सांगितलेलं काम उद्यावर टाकायची सवय नव्हती. तिनं चुलीवर पाण्याचं भांडं चढवलं. परतीचा पाऊस आदल्या रात्रीच पडून गेला होता, लाकडं ओली. नुसता धूर. तिनं फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले. बैल अंगणात पाय आपटत होता.

ती उठली. आढ्याकडं हात नेला आणि नळकांडं काढलं.

“राहू द्या, ठकुबाई,” मी म्हणालो. “शेजारून कोरडं सरपण आणतो मी. आत्ता आणतो.”

“कशाला?” ती म्हणाली. “तीस वरसं त्याल प्यालंय. चांगलं जळंल.”

तिनं ते एकदा पदराला पुसलं, सवयीनं, आणि चुलीत सारलं. क्षणभर काही झालं नाही. मग कडेला निळी ज्योत धरली, आतलं तेल चुरचुरलं आणि सगळं नळकांडं एकदम पेटलं. ओली लाकडंही त्याच्या जोरावर धरली. पाण्याला लवकरच आधण आलं. तिनं त्यात नव्या नळ्या एकेक करून सोडल्या आणि पाणी खळखळेपर्यंत जाळाकडं बघत बसली.

मग हात राखेनं चोळून धुतले आणि चिमट्यानं एक नळी काढून, निववून, भरून तिनं माझ्या हातात दिली. कमरेला काही खोचायचं नव्हतं, तरी तिचा हात एकदा तिथं जाऊन आला.

“चला,” ती म्हणाली. “म्या शिंग धरते.”